आभाळाकडे पाहून घेतलेला चहा

चहाचा कप हाती आला की सावजी आधी कपाकडे पाहत नसत, आभाळाकडे पाहत. मान किंचित वर, दृष्टी पश्चिमेला, समोरच्या कापसाच्या जिनिंगच्या पत्र्यावर ऊन आहे की उतरले याचा एक अंदाज, आणि मगच पहिला घोट. भर दुपारी, सूर्य माथ्यावर तळपत असतानाही हा क्रम चुकत नसे. मी एकदा हसून विचारले, "सावजी, या वेळी सूर्य कुठे जाणार आहे?"

"तो नाई जात जी," ते म्हणाले, "पन मानेले सवय राह्यली पाह्यजे. मानूस इसरते, गुरुजी. मान इसरत नाई."

कारंजातील जुन्या बाजारात सावजींची धान्याची अडत होती आणि दुकानाच्या मागे, एका भिंतीच्या अंतराने, आमची दोघांची घरे. मी येथील शाळेत संस्कृत शिकवीत असे. निवृत्त झाल्यावर सकाळची पूजा, थोडे पठण आणि सायंकाळी सावजींच्या ओट्यावर बसणे एवढाच माझा दिनक्रम उरला होता. आमच्याकडे जैन व्यापाऱ्याला आदराने सावजी म्हणतात. बाजारात सावजी पुष्कळ होते. परंतु नुसते 'सावजी' म्हटले की लोकांना तेच आठवत. त्यांचे नाव धन्यकुमार, हे त्यांच्या घरच्या लग्नपत्रिकेत वाचून कित्येकांना प्रथमच कळले होते.

तरुणपणी त्यांनी मंदिरात मुनिमहाराजांच्या समोर एक नेम घेतला होता: सूर्य मावळल्यावर अन्नाचा कण नाही, पाण्याचा थेंब नाही. दिवस असतानाच जेवून घेण्याला त्यांच्या घरी अंथऊ म्हणत. अंथऊ उरकले की सावजी पुन्हा ओट्यावर येत आणि सूर्य बुडण्याच्या थोडे आधी घरून किटली येई. टपरीचा चहा ते घेत नसत, कारण तेथील पाणी गाळलेले असेल याची खात्री नसे. जमिनीतले ओले कंद वर्ज्य म्हणून त्या चहात आल्याचा तुकडा नसे. त्या जागी सुंठ आणि परसातला गवती चहा. मला तो चहा फार आवडे. सावजी म्हणत, "चहा हा दिवसाचा पाहुना हाये, गुरुजी. दिवसासंगं याव, दिवसासंगं जाव."

श्रावणात ढगांनी आभाळ झाकून गेले, की ते उजवा तळहात डोळ्यांसमोर धरीत. दिव्यावाचून हातावरच्या रेषा दिसल्या तर चहा घ्यायचा, नाही दिसल्या तर कप माझ्याकडे सरकवायचा आणि म्हणायचे, "दिवस बुडाला जी. तुमी घ्या. तुमाले कायचं बंधन?" असा कितीतरी चहा माझ्या वाट्याला आला. घड्याळ त्यांच्या मनगटावर असे, पण नेमाच्या बाबतीत ते घड्याळाला विचारीत नसत. "घड्याळ मानसानं केलं," म्हणत, "त्याले किल्ली मानूसच देते."

या शांत, हिशेबी, मिस्कील माणसाच्या मनात एकच भय होते आणि ते त्यांनी मला फार उशिरा सांगितले. त्यांच्या मातोश्री अखेरच्या काळात सर्व विसरल्या होत्या. प्रथम मिठाचा डबा, मग सुनेचे नाव, मग स्वतःचे घर. केनवड हे त्यांचे माहेर. त्या वृद्ध बाई भर बाजारात उभ्या राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारीत, "केनवडची गाडी इथूनच निंगते ना?" सावजी त्यांना हाताला धरून घरी आणीत. आई त्यांना आपल्या भावाच्या नावाने हाक मारी आणि ते ओ देत.

"मरनाचं काही वाटत नाई," सावजी मला म्हणाले. "देह हाये, जाईन. पन गुरुजी, माय समोर बसून राह्यली अन् मी तिच्यासाठी कोनीच नाई... हे मी पाह्यलं. उद्या माह्या घरच्यायनं पाहावं, हे मले सहन होत नाई."

मी त्यांना काही उपदेश केला नाही. अशा वेळी शास्त्र तोंडात येते, पण ते गिळावे.

त्यानंतर काही महिन्यांनी एके सकाळी ते वर्तमानपत्र हातात घेऊन माझ्या अंगणात आले. इतके उत्साहात मी त्यांना सोयाबीनला भाव चढला तेव्हाही पाहिले नव्हते. चष्मा कपाळावरच राहिला होता.

"वाचा, गुरुजी, मोठ्यानं वाचा. मले एक डाव आयकू द्या."

बातमी अशी होती की, रोज माफक प्रमाणात कॉफी किंवा चहा घेणाऱ्या लोकांत उतारवयातील विस्मृतीचा आजार काहीसा कमी आढळतो, असे अभ्यास करणाऱ्यांना दिसून आले आहे. मी वाचून संपवले. सावजींनी दोन्ही हात जोडले. कोणाला, ते कळले नाही.

"आता सांगा! लोक म्हनत होते, सावजी चहापायी पित्तानं मरन. अन् इथं तं औषध निंगालं! तुमी एकच कप घेता ना सकाळी? म्हनून तुमी छत्री इसरता."

त्या दिवसापासून त्यांच्या दुपारच्या चहात एका कपाची भर पडली. पुढे, बातमीत कॉफीचे नाव आधी होते म्हणून, अकोल्याला जाणाऱ्या एका ओळखीच्याकडून कॉफीची बाटली आली. आमच्याकडे कॉफी म्हणजे मोठ्या शहरातल्या लग्नात दिसणारी वस्तू. सावजींच्या पत्नी सुलोचनावहिनींनी ती चहाप्रमाणेच केली, म्हणजे सुंठ आणि गवती चहा घालून चांगली खळखळ उकळली. मलाही बोलावणे आले. आम्ही दोघांनी एक एक घोट घेतला आणि बराच वेळ परस्परांकडे पाहिले नाही.

"काहून, कशी झाली?" वहिनींनी दारातून विचारले.

"बुद्धी लय वाढून राह्यली," सावजी गंभीरपणे म्हणाले, "पन जीभ मरून राह्यली."

"मंग ढोसा तुमचा चहाच! जळल्या लाकडाचा काढा मले कायले कराले लावता?"

बाटली फळीवर गेली आणि तिथेच घट्ट झाली. चहाचे कप मात्र वाढत चालले. तेव्हा वहिनींनी त्यांना वाशिमला एका डॉक्टरांकडे नेले, आणि वाद झाल्यास निवाडा करावयास मलाही सोबत घेतले. डॉक्टर तरुण होते, पण बोलणे सबुरीचे. ते म्हणाले, "काका, कमी आढळतो म्हणजे होतच नाही असं नाही. चहा पिणाऱ्यांत हा आजार कमी दिसला, हे खरं. पण तो चहामुळेच कमी झाला, की त्यांच्या एकूण राहणीमुळे, हे अजून पक्कं सांगता येत नाही. तुम्हाला आवडतो, तर घ्या. साखर आवरा, आणि झोप उडेल इतका घेऊ नका."

सावजी म्हणाले, "म्हनजे पेरनी टायमावर करा, पुढचं आभाळाच्या हाती."

"अगदी तसंच," डॉक्टर हसले.

"मंग ठीक हाये. आभाळाची आमाले सवय हाये."

परतीच्या एस.टी.त ते खिडकीशी बसून बाहेरची शेते पाहत होते. मंगरूळपीरच्या स्थानकात गाडी थांबली तेव्हा ते अकस्मात म्हणाले, "बातमी वाचली तवा मले वाटलं होतं का पावती भेटली. तो नुसता अंदाज होता, गुरुजी." त्यांनी वाढवलेले कप दुसऱ्याच दिवशी बंद केले. भीतीपोटी चहा प्यायचा नाही, आवडीने प्यायचा, असे त्यांचे म्हणणे.

आभाळ फिरले ते त्यानंतर दोन-तीन वर्षांनी. ओट्यावर आम्ही बसलो होतो. सावजींनी किटली उचलली आणि माझ्या भरलेल्या कपात पुन्हा चहा ओतू लागले. चहा बशीतून सतरंजीवर, सतरंजीवरून त्यांच्या धोतरावर गेला, तरी धार थांबेना. मी त्यांचा हात धरला. त्यांनी कपाकडे पाहिले, मग माझ्याकडे. त्या दृष्टीत मला केनवडची गाडी विचारणारी त्यांची माय दिसली, आणि त्यांनाही ती तेथे दिसली असावी.

तो दिवस मावळल्यावर ते उठले नाहीत. म्हणाले, "गुरुजी, एक शब्द पाह्यजे."

"मागा."

"माह्यं ध्यान गेलं तं माहा नेम तुमी सांभाळजा. दिवस बुडाल्यावर मी चहा मागन. मायही मागत होती, जे नाई ते मागत होती. मी रडन, शिव्याही देईन. पन देऊ नका."

"घरात वहिनी आहेत, सारिका आहे," मी म्हणालो. सारिका ही त्यांची सून. "त्या सांभाळतील."

"त्यायची माया हाये माह्यावर. माया इरघळते. तुमी नेमाचे मानूस हा. तुमाले मी काय मागून राह्यलो ते समजते."

मी शब्द दिला. देवासमोर उच्चारलेल्या संकल्पाइतकेच त्याचे वजन मला तेव्हाही वाटले आणि पुढे ते दिवसेंदिवस वाढतच गेले.

ते जसे म्हणाले होते तसेच घडले. दुकान मुलाने हाती घेतले. सावजी प्रथम गिऱ्हाइकांची, मग नातवंडांची, मग माझी ओळख विसरले. मला ते कधी 'मास्तर' म्हणत, कधी कोणी दूरचा पाहुणा समजून "कवा आले?" असे विचारीत. दिवसा ते शांत असत. मात्र संध्याकाळ झाली की अस्वस्थ होत आणि चहा मागू लागत. अंथऊ झालेले त्यांना आठवत नसे, सूर्यास्तापूर्वीचा चहा घेतलेला आठवत नसे. एकदा ते बाहेर निघून गेले आणि बाजारात सापडले, तेव्हापासून सायंकाळी दारे-खिडक्या लावून घेऊन आतल्या खोलीत दिवे लावण्याची रीत पडली. त्या पांढऱ्या उजेडात ते पलंगावरून उठून दारावर थाप मारीत: "चहा आना! अरे, घरात कोनी हाये का नाई?"

एका संध्याकाळी मी गेलो तेव्हा सासू-सुनेचा वाद चालला होता आणि दोघींचेही डोळे ओले होते.

"आई, त्यायले नेम आठवते तरी का?" सारिका म्हणत होती. "जे आठवतच नाई ते मोडन कसं? लहान लेकरासारखं रडून राह्यले. अर्धा कप दिला तं कोनाचं काय जाते?"

"त्यायचं जाते!" वहिनी म्हणाल्या. "तापानं फणफणले तवाही रात्री पान्याचा थेंब नाई घेतला त्यायनं. जनमभराचं हे एवढं पुन्य, अन् ते बेसावध हायेत म्हनून मी माह्या हातानं बुडवू?"

मग दोघीही माझ्याकडे वळल्या. वहिनी म्हणाल्या, "तुमी सांगा, गुरुजी. तुमच्याकडून शब्द घेतला होता ना त्यायनं?"

मी आतल्या खोलीत गेलो. सावजींनी माझा हात घट्ट धरला. बोटे थंड होती. "पाहुने, तुमी तरी सांगा ना यायले," ते म्हणाले. "मी काय वाईट केलं? माह्याच घरात मले चहा नाई. मी कोनाच्या घरी हावो?"

त्या अखेरच्या प्रश्नाने मी हललो. मी आयुष्यभर ज्या परंपरेत वाढलो तिच्यात व्रत हा कर्त्याचा धर्म मानला आहे. ज्याला मी कर्ता आहे हेच भान नाही, त्याच्याकडून ते बळाने करवून घेतलेले व्रत म्हणावे काय? आणि तरीही शब्द मागणारे सावजी माझ्या डोळ्यांसमोर होते, ध्यान शाबूत असलेले, 'मी रडन' हे आधीच सांगून ठेवणारे. एका सावजींना दिलेले वचन पाळण्यासाठी मी दुसऱ्या सावजींना त्यांच्याच घरात परके करीत होतो. आपण घरच्यांना परके होऊ नये, एवढीच तर त्या पहिल्या सावजींची भीती होती.

मी बाहेर येऊन म्हणालो, "वहिनी, चहा करा. वचन मी दिले होते. ते मोडल्याचा दोष माझा. देवासमोर त्याचे उत्तर मी देईन."

वहिनी पदर तोंडाला लावून चुलीकडे गेल्या. त्या कामाला त्या दिवशी सुनेला हात लावू दिला नाही. "द्याचाच हाये तं नीट होऊ दे," एवढेच म्हणाल्या. मला त्या बंद खोलीत गुदमरल्यासारखे झाले होते, आणि मित्राचा नेम मोडायचा तर तो कोंडलेल्या खोलीत मोडू नये, असेही वाटले. मी म्हणालो, "आपण ओट्यावर बसू." सारिकाने दार उघडले. मी सावजींना धरून बाहेर आणले आणि त्यांच्या नेहमीच्या जागी बसवले. कित्येक महिन्यांनी ते तेथे बसत होते. हवेत थंडी होती. बाजार पांगला होता. दुकानांच्या फळ्या लागत होत्या.

सारिकाने कप आणला. सुंठेचा, गवती चहाचा वास आला. सावजींनी दोन्ही हातांनी कप घेतला, लहान मूल घेते तसा. चेहरा उजळला. दारात वहिनी उभ्या होत्या. त्यांनी तोंड फिरवून घेतले.

सावजींनी कप ओठांशी नेला. आणि त्यांची मान वर गेली.

दृष्टी पश्चिमेला, जिनिंगच्या पत्र्यावर. पत्रा काळा होता. त्यावर एक चांदणी आली होती. सावजी थांबले. त्यांनी कप एका हातात घेतला, उजवा तळहात डोळ्यांसमोर धरला, जवळ आणला, दूर नेला. हातावरची एकही रेष दिसेना. मग त्यांनी अतिशय सावकाश, एक थेंब न सांडता, कप खाली ठेवला आणि माझ्याकडे सरकवला.

"दिवस बुडाला जी," ते म्हणाले. "तुमी घ्या. तुमाले कायचं बंधन?"

माझे नाव त्यांना आठवले नव्हते. मी कोण, हेही नाही. मला पाहुणा समजूनच ते बोलले होते. वहिनी दारातच खाली बसल्या. त्या हसत होत्या की रडत होत्या, सांगता येणार नाही. सारिका म्हणाली, "बाप्पा! म्हनजे आत कोंडलं म्हनून... आत तं त्यायले दिवसच दिसत होता, आई. ट्यूबलाइटचा."

तेच होते. त्यांना जपण्यासाठी आम्ही आभाळच त्यांच्यापासून काढून घेतले होते. मी संस्कृत शिकलो त्या पाठशाळेत शिकवीत की, आधी संस्कार, म्हणजे मनावर उमटलेला ठसा, मग त्यातून आठवण उपजते. आठवण गेली म्हणजे संस्कार गेलाच असे धरू नये, हे पाठशाळेत शिकलो असेन. कळले मात्र त्या ओट्यावर.

मी तो चहा प्यालो. तो निवला होता.

पुढे तीच रीत पडली. संध्याकाळी त्यांना ओट्यावर आणावयाचे, कप द्यावयाचा, त्यांनी आभाळ पाहावयाचे आणि कप मला द्यावयाचा. चहा मिळत नाही हे त्यांचे रडणे थांबले, कारण आता चहा मिळत होता; तो न घेणारे ते स्वतः होते. अशा कितीतरी संध्याकाळी गेल्या. इतक्या उशिरा चहा घेतल्याने माझी झोप उडे. वाशिमचे डॉक्टर मला रागावले असते. मी त्यांना सांगितले नाही.

तुरीच्या काढणीच्या दिवसांत, एका दुपारी, ऊन अंगावर घेत बसले असताना सावजी गेले. त्यांच्यासमोर अर्धा कप चहा होता. दिवस भरपूर होता.

त्या बातमीतला अंदाज त्यांच्या बाबतीत खरा ठरला की खोटा, असे लोक मला विचारतात. चहा नसता तर हे आणखी आधी झाले असते, की तेवढ्याच वेळी झाले असते, हे मला ठाऊक नाही. ते ज्यांनी पाहावयाचे ते पाहत आहेत, आणि ते त्यांना सापडो. सावजींना त्याचा आनंदच झाला असता.

तेरवी-दिवस त्यांच्या घरी नसतात. काही दिवसांनी संध्याकाळी मी सवयीने ओट्यावर जाऊन बसलो. सारिकाही सवयीनेच कप घेऊन बाहेर आली आणि सावजींच्या जागेसमोर तो ठेवून बसली. ठेवल्यावर तिच्या लक्षात आले. तिने कप हळूच माझ्याकडे सरकवला.

"घ्या, गुरुजी."

मी कप हातात घेतला. मान आपोआप वर गेली. पत्रा काळा होता.

"नको, पोरी," मी म्हणालो. "दिवस बुडाला."